शाळेचे तीन क्लिअरन्स आहेत, मग ‘सीक्रेट’ वेगळा कशाला?

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. इतरांना संदर्भ लागावा म्हणून आधी थोडक्यात सांगतो. तुम्ही फिलाडेल्फियाजवळ राहता. काही वर्षं शाळेत सब्स्टिट्यूट टीचर आहात, त्यासाठी पेनसिल्व्हेनियाचे तिन्ही क्लिअरन्स, म्हणजे पार्श्वभूमी-तपासणीचे दाखले, काढलेत आणि ते अजून चालू आहेत. आता एका संरक्षण कंत्राटदार कंपनीकडून डेटा अ‍ॅनालिस्टची ऑफर आली आहे आणि तीत ‘सीक्रेट क्लिअरन्स मिळवणं आवश्यक’ अशी अट आहे, म्हणजे सरकारची गोपनीय माहिती हाताळण्याची परवानगी. तुमचं म्हणणं असं की ठसे एफबीआयकडे गेले, निकाल कोरा आला, मग तेच कागद इथे का चालू नयेत? आणि मग शेवटच्या ओळीत, जाता जाता लिहावं तसं, तुम्ही लिहिलंय की २०१३ साली दारू पिऊन गाडी चालवल्याची एक केस होती, ती एआरडीमध्ये (शिक्षेऐवजी पूर्ण करायचा राज्याचा सुधार-कार्यक्रम) मिटली, रेकॉर्ड एक्स्पंज झालं, म्हणजे पुसलं गेलं, आणि वकील म्हणाले, आता कुणी विचारलं तर बिनधास्त ‘नाही’ म्हणा. आईवडील साताऱ्याला, पुण्यात एक फ्लॅट.

माझ्या मते खरा प्रश्न त्या शेवटच्या ओळीतच आहे. पण तिथपर्यंत पोचायला आधीचं समजून घ्यावं लागेल.

मी सुरुवातीला एका शाळा-जिल्ह्याच्या एचआरमध्ये होतो. शिक्षकांचे, बस ड्रायव्हरांचे, कँटीनमधल्या लोकांचे ठशांचे निकाल माझ्या टेबलावर यायचे. नंतर व्हर्जिनियात एका छोट्या कंत्राटदार कंपनीत एफएसओ, म्हणजे सुरक्षा अधिकारी झालो, आणि आता तेच काम करतो. दोन्ही बाजूंचे कागद हाताळले असल्यामुळे दोन्हींची गल्लत कुठे होते ते माहीत आहे. मी वकील नाही, आणि निर्णय माझ्यासारख्यांच्या हातात नसतो, हेही आधीच सांगून ठेवतो.

पेनसिल्व्हेनियात शाळेसाठी जे तीन कागद लागतात त्यांना सगळे ‘क्लिअरन्स’च म्हणतात, त्यामुळे तुमच्यासारखा प्रश्न तिकडून फार येतो. अ‍ॅक्ट ३४ म्हणजे राज्य पोलिसांकडची तपासणी, ती नावावरून होते. अ‍ॅक्ट १५१ म्हणजे बालछळाच्या नोंदींची तपासणी, तीही नाव आणि पत्त्यांवरून. बोटांचे ठसे फक्त तिसऱ्यात, अ‍ॅक्ट ११४ मध्ये, घेतात. तेव्हा तिन्हींपैकी एफबीआयपर्यंत पोचला तो एकच कागद.

तो कसा चालतो? तुम्ही आयडेंटोगोच्या सेंटरवर जाता, दहाही बोटं काचेवर ठेवता, आणि ती प्रतिमा वेस्ट व्हर्जिनियातल्या क्लार्क्सबर्गला एफबीआयच्या विभागात जाते. तिथल्या ‘नेक्स्ट जनरेशन आयडेंटिफिकेशन’ नावाच्या प्रणालीत ती साठवलेल्या ठशांशी ताडून पाहतात. मशीनला प्रश्न एकच विचारलेला असतो: या बोटांच्या नावावर कुठे अटक किंवा गुन्ह्याची नोंद आहे का? असेल तर रॅप शीट येते, नसेल तर ‘नोंद नाही’. तुम्ही माणूस म्हणून कशा आहात, कर्ज किती आहे, पासपोर्ट कुठला होता, यातलं काहीही त्या प्रश्नात नसतं.

ही तपासणी राज्याला करता येते ती १९७२ च्या एका केंद्रीय कायद्यामुळे, पब्लिक लॉ ९२-५४४. त्यात मेख अशी आहे की राज्याने स्वतःचा कायदा करून ‘अमुक कामासाठी ठसे तपासू’ असं ठरवलेलं असावं लागतं, आणि निकाल त्या कामासाठीच वापरता येतो. म्हणून शाळेसाठी दिलेले ठसे नर्सिंगच्या लायसन्सला चालत नाहीत, आणि न्यू जर्सीचा निकाल टेक्सासला चालत नाही. लोक चिडतात. बोटं तीच, एफबीआय तेच, मग पुन्हा पैसे का, असं मला कितीतरी शिक्षकांनी विचारलं असेल. चिडणं रास्त आहे, पण तो निकाल कुणाला, कशासाठी दिला हे कायद्याने बांधलेलं असल्यामुळे एचआरचा माणूस त्यात काही करू शकत नाही.

निकाल आल्यावर निर्णयही बराचसा यांत्रिक असतो. पेनसिल्व्हेनियाच्या शाळा कायद्यात गुन्ह्यांची यादी आहे. काहींना कायमची बंदी, काहींना ठराविक वर्षांची. गुन्हा यादीत बसला तर नोकरी नाही, नाही बसला तर बहुतेक वेळा आहे. एचआरमध्ये असताना माझा निम्मा वेळ जायचा तो डिस्पोझिशन शोधण्यात. रॅप शीटवर अटक दिसते, पण पुढे कोर्टात काय झालं ते रिकामं असतं, कारण कुठल्यातरी तालुका कोर्टाने कधी कळवलंच नाही. तुमच्या बाबतीत नोंद एक्स्पंज झाली, शीट कोरी आली, विषय संपला. त्या व्यवस्थेच्या नजरेने तुम्ही चोख आहात, आणि त्यात लपवाछपवी काहीच नाही.

आता सीक्रेट क्लिअरन्स. इथे पहिला फरक असा की तुम्ही तो स्वतः काढू शकत नाही. सरकारी खातं किंवा मान्यताप्राप्त कंत्राटदार कंपनीने तुम्हाला स्पॉन्सर करावं लागतं, खर्च सरकारचा. अर्जदाराला अमेरिकन नागरिकत्व लागतं. ग्रीन कार्डवाल्यांना क्लिअरन्स मिळत नाही, फार अपवादात्मक स्थितीत मर्यादित प्रवेशाची परवानगी तेवढी मिळते. तुम्ही नागरिक आहात असं लिहिलंय, तेव्हा तो मुद्दा सुटला. जाहिरातीत ‘क्लिअरन्स असलेला हवा’ आणि ‘क्लिअरन्स मिळवण्यास पात्र हवा’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, तो मात्र एकदा नीट विचारून घ्या. पहिल्या अटीची जागा असेल तर ऑफर टिकणार नाही. आणि ‘पब्लिक ट्रस्ट’ असा शब्द कुठे असेल तर तो आणखी वेगळा प्रकार, त्याचा फॉर्म एसएफ-८५पी, आणि तो क्लिअरन्स नव्हेच.

ऑफर पक्की झाली की कंपनीचा एफएसओ तुम्हाला ईअ‍ॅप नावाच्या ऑनलाइन प्रणालीची लिंक पाठवेल आणि तुम्ही एसएफ-८६ हा क्लिअरन्सचा लांबलचक फॉर्म भरायला बसाल. गेल्या १० वर्षांचे पत्ते आणि नोकऱ्या, मध्ये बेकार असाल तर ते महिनेसुद्धा. गेल्या ७ वर्षांतले परदेश प्रवास. आई, वडील, भावंडं, सासू, सासरे यांची जन्मतारीख, जन्मगाव, पत्ता, नागरिकत्व. सासूबाईंची खरी जन्मतारीख कुणालाच माहीत नसते, शाळेच्या दाखल्यावर १ जून असते. मग ‘अंदाजे’च्या चौकटीत खूण करायची आणि पुढे जायचं. तुम्हाला ओळखणारी तीन माणसं द्यायची, शक्यतो अमेरिकेत राहणारी. महाराष्ट्र मंडळातली माणसं चालतात, फक्त त्यांना आधी फोन करून सांगा, नाहीतर सरकारी माणसाचा फोन आला की ती घाबरून ‘मला काही माहीत नाही’ म्हणतात.

ठसे इथेही घेतात. पण तपासाच्या मोठ्या गठ्ठ्यातला तो एक कागद. तपास करणारी संस्था बहुतांश वेळा डीसीएसए, संरक्षण खात्याची. २०१९ पासून हे काम तिच्याकडे आहे. ती क्रेडिट रिपोर्ट बघते, स्थानिक पोलिसांकडे आणि कोर्टांत चौकशी करते, नोकऱ्या आणि शिक्षण पडताळते. सीक्रेटच्या पातळीवर बरंचसं काम नोंदींवरून होतं आणि काही खटकलं तर मुलाखत. टॉप सीक्रेटला मुलाखत आणि शेजाऱ्यांकडे विचारपूस असतेच. तुमच्या बाबतीत दारूची केस आणि भारतातले आईवडील धरता मुलाखतीचा फोन येईल असं गृहीत धरा. तो आला म्हणजे काहीतरी बिघडलं असं नव्हे.

नुसत्या ठशांवर का भागत नाही याचं एक जाहीर उदाहरण आहे. सप्टेंबर २०१३ मध्ये वॉशिंग्टनच्या नेव्ही यार्डमध्ये एका कंत्राटी कामगाराने गोळीबार करून १२ जणांना मारलं. त्याच्याकडे सीक्रेट क्लिअरन्स होता. २००४ साली सिअ‍ॅटलमध्ये त्याने एका गाडीच्या टायरवर गोळ्या झाडल्या होत्या आणि अटक झाली होती. फॉर्मवर त्याने ती अटक लिहिली नाही. ठशांनी ती पकडली. पण तपास अहवालात एवढंच आलं की त्याने गाडीच्या टायरमधली हवा काढली. बंदुकीचा उल्लेखच नाही, कारण मूळ पोलीस अहवाल कुणी मिळवून वाचला नव्हता. ठसे सांगतात की इथे काहीतरी घडलं. काय घडलं ते कळायला माणसाने जाऊन कागद उघडावा लागतो. त्यानंतर काही वर्षांच्या अंतराने होणाऱ्या फेरतपासाऐवजी सतत नजर ठेवण्याची पद्धत येत गेली. आज क्लिअरन्स असलेल्या माणसाला कुठे अटक झाली तर ती गोष्ट त्याने सांगायच्या आधीही वर पोचू शकते.

गठ्ठा जमला की अ‍ॅडज्युडिकेटर निर्णय घेतो. त्याच्यासमोर शाळेसारखी बंदीची यादी नसते. सीड-४ नावाच्या आदेशात, जो जून २०१७ पासून लागू आहे, १३ मार्गदर्शक सूत्रं आहेत: निष्ठा, परकीय प्रभाव, पैशांचे व्यवहार, दारू, अमली पदार्थ, गुन्हे, वैयक्तिक वर्तन वगैरे. प्रत्येकात आधी काय खटकतं ते, आणि मग कशाने ते सौम्य होतं ते. सगळं एकत्र बघून या माणसावर भरवसा ठेवावा का, हे ठरवायचं. शंका उरलीच तर ती देशाच्या बाजूने सोडवायची. १९८८ च्या नेव्ही विरुद्ध ईगन या खटल्यात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की क्लिअरन्सवर कुणाचाही हक्क नसतो. त्यामुळे ‘मी यादीत बसत नाही, मग द्या’ हा शाळेतला युक्तिवाद इथे करताच येत नाही.

आता तुमची २०१३ ची केस.

वकिलांनी जे सांगितलं ते राज्याच्या कायद्यापुरतं आणि खासगी नोकरीपुरतं बरोबर असेल. पण एसएफ-८६ च्या २२ व्या विभागात स्पष्ट लिहिलेलं आहे की रेकॉर्ड सील झालेलं असो, एक्स्पंज झालेलं असो, आरोप रद्द झालेला असो, तरी लिहा. अपवाद आहे तो केंद्रीय कायद्याखालच्या अमली पदार्थांच्या ठराविक प्रकरणांत, केंद्रीय कोर्टाने विशिष्ट कलमांखाली एक्स्पंज केलं असेल तर. तुमची केस त्यात बसत नाही. दुसरा गैरसमज सात वर्षांचा. बरेच प्रश्न गेल्या ७ वर्षांपुरते आहेत, पण दारू किंवा अमली पदार्थांशी संबंधित आरोप कधीही झाला होता का, असा वेगळा प्रश्न आहे, आणि त्याला काळाची मर्यादा नाही. एआरडीमध्ये शिक्षा झाली नसली तरी आरोप ठेवला गेला होता. उत्तर ‘हो’.

आणि लपवून साधेल काय? एक्स्पंज झाल्याने राज्याची नोंद गेली, एफबीआयचीही गेली असेल. पण त्या केसनंतर तुम्ही नागरिकत्वासाठी एन-४०० भरला असेल तर त्यातही हाच प्रश्न होता, एक्स्पंज झालेल्यासकट. बहुधा तिथे ‘हो’ लिहिलं असेल आणि सोबत कोर्टाचे कागद जोडले असतील. ती फाइल केंद्र सरकारकडेच आहे. एकाच सरकारला एका फॉर्मवर हो आणि दुसऱ्यावर नाही सांगितलं, तर प्रश्न दारूचा राहत नाही, खोटेपणाचा होतो. जाणूनबुजून खोटं लिहिणं हा केंद्रीय गुन्हा आहे, ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. प्रत्यक्षात खटला क्वचित होतो, पण क्लिअरन्स नाकारला जातो, आणि तो नकार पुढच्या प्रत्येक अर्जात विचारला जातो.

माझा अनुभव असा की जुनी एकच दारूची केस, कार्यक्रम पूर्ण केलेला, त्यानंतर काही नाही, आणि माणसाने स्वतःहून नीट लिहिलेली, हे बहुधा निभावतं. कशावर अवलंबून आहे? त्या रात्री अपघात झाला होता का, अल्कोहोलचं प्रमाण किती होतं, त्यानंतर पिण्याची सवय काय, दुसरी एखादी नोंद आहे का. ते मला माहीत नाही, आणि मला सांगूही नका. हातात असतील तर एआरडी पूर्ण केल्याचं पत्र, क्लासेसचं प्रमाणपत्र, एक्स्पंजमेंटचा आदेश एकत्र काढून ठेवा. तारीख आठवत नसेल तर अंदाजे लिहा. शेरा लिहायच्या जागेत चार सरळ वाक्यं पुरतात. पोलीस कसा उद्धट होता ते तिथे नको. एफएसओला कळेल म्हणून लाजू नका. आम्ही तो फॉर्म फक्त पूर्ण भरलाय का एवढंच बघू शकतो, त्यातली माहिती कंपनीत दुसऱ्या कशासाठी वापरायला नियमाने बंदी आहे.

साताऱ्याच्या आईवडिलांबद्दल तुम्ही जास्त घाबरलेल्या दिसता. माझ्या दृष्टीने क्रम उलटा आहे. भारतात आईवडील असणं आणि दर रविवारी व्हिडिओ कॉल करणं यात लपवण्यासारखं काही नाही, आणि केवळ तेवढ्यावर अडू नये. बघितलं जातं ते असं: वडील कुठे नोकरीला होते? एसटीत की डीआरडीओत? भाऊ सैन्यात आहे का? त्यांच्यामार्फत तुमच्यावर कुणी दबाव आणू शकेल का? आणि इकडे तुमची मुळं किती: घर, मुलं, नोकरी, बचत. वडील जिल्हा परिषदेत होते तर ‘सरकारी नोकरी’ हो म्हणून लिहा, क्षुल्लक वाटलं तरी.

पुण्याचा फ्लॅट, एनआरओ खातं, वडिलांनी तुमच्या नावावर घेतलेली एलआयसी, सातबाऱ्यावर लागलेलं तुमचं नाव, हे सगळं परदेशी मालमत्तेच्या प्रश्नांत येतं. आपल्या लोकांची खरी फजिती इथे होते, कारण सातबाऱ्यावर नाव आहे हे निम्म्यांना माहीतच नसतं. घरी फोन करून विचारा. आणि परदेशी खात्यांतली एकूण रक्कम वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली असेल तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची सरकारला द्यायची माहिती, भरला होता का? फ्लॅटचं भाडं इथल्या टॅक्समध्ये दाखवलं होतं का? नसेल तर आधी इथल्या टॅक्स अकाउंटंटकडून ते मार्गी लावा, मग फॉर्मला बसा. परकीय प्रभावापेक्षा न भरलेला कर सिद्ध करायला सोपा असतो.

जुना भारतीय पासपोर्ट लिहायचा, सरेंडर सर्टिफिकेट जवळ ठेवायचं. ओसीआय हे नागरिकत्व नाही, भारताचा कायदा दुहेरी नागरिकत्व देतच नाही, पण कार्ड आहे हे सांगून टाका. क्लिअरन्स मिळाल्यावर गणपतीला पुण्याला जायचं असेल तर तिकीट काढण्याआधी एफएसओला कळवायचं. नाही म्हणत नाहीत, पण कळवावं लागतं. टॉप सीक्रेट असेल तर परदेशी नागरिक ३० दिवसांहून जास्त तुमच्या घरात राहिला तरी कळवावं लागतं, म्हणजे आईवडील सहा महिने आले तरीसुद्धा.

नाकारण्याकडे कल असेल तर कंत्राटदारांच्या बाबतीत आधी ‘स्टेटमेंट ऑफ रीझन्स’ (एसओआर), म्हणजे आक्षेपांची लेखी कारणं, येतं, त्याला उत्तर देता येतं आणि न्यायाधीशासमोर सुनावणी मागता येते. ते काम डोहा नावाचं कार्यालय बघतं आणि त्याचे निकाल नावं काढून इंटरनेटवर टाकतं. भारतात जन्मलेल्या अर्जदारांचे निकाल त्यात सापडतात. रात्री झोप येत नसेल तर ते वाचा, अफवा वाचण्यापेक्षा बरं. एसओआर आलंच तर मात्र या विषयातला वकील गाठा, एक्स्पंजमेंटवाला नको.

कामाचा क्रम मी असा ठेवेन: आधी कंपनीला विचारा की क्लिअरन्स आधीच असावा लागतो की ते काढून देणार. मग पत्ते, प्रवास आणि नातेवाइकांची वही तयार करा. एन-४०० ची प्रत शोधा, आणि नवीन फॉर्म भरताना ती शेजारी ठेवा. इंटरिम, म्हणजे तात्पुरता, क्लिअरन्स लवकर मिळाला तर कामाला लागाल, पण तुमच्या नोंदी बघता इंटरिम न मिळता थेट शेवटच्या निर्णयाची वाट बघावी लागेल, असंही होऊ शकतं. त्यात महिने जातात. म्हणून शाळेची नोकरी आत्ताच सोडू नका, आणि त्या तीन कागदांची ६० महिन्यांची मुदत कधी संपते ते बघून वेळेवर नूतनीकरण करा. सीक्रेटसाठी त्यांचा काही उपयोग नाही, पण तोवर पगार शाळेकडूनच येणार आहे.